सही कशावर घेतोस?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो माझ्याच चुलत्यांनी, निरवांगीत, त्यांच्याच विहिरीवर. २०१३ चा उन्हाळा होता. तात्यांनी स्वतः मोटर चालू केली, माझी बाटली पाण्यानं दोनदा विसळून दिली, बूच घट्ट लावलं. मग मी पॅडवरचा कागद पुढं केला. ‘पाण्याचा नमुना घेण्यास माझी हरकत नाही’, एवढं एकच वाक्य त्यावर होतं, आणि खाली रेघ. तात्यांनी धोतराला हात पुसले आणि एक पाऊल मागं सरकले. म्हणाले, “पाणी ने. ड्रमभर ने. सही कशावर घेतोस?”

मी समजावलं. प्रकल्प आहे, दिल्लीचे पैसे आहेत, नमुने खरोखर गोळा केले याचा पुरावा लागतो. तात्या ऐकून घेत होते, पण हात पाठीमागंच. बऱ्याच वर्षांपूर्वी कुणाला तरी जामीन राहताना त्यांनी एका कागदावर सही केली होती, आणि त्याचा बोजा सातबाऱ्यावरून उतरायला अकरा वर्षं लागली होती. “पुतण्या असलास म्हणून काय झालं, कागद तो कागदच,” असं म्हणून त्यांनी मोटर बंद केली. पहिल्या नमुन्याच्या रकान्यात मी ‘सही देण्यास नकार’ असं लिहिलं. त्या यादीतली ती सगळ्यात खरी नोंद आहे, असं मला आता वाटतं.

मी रसायनशास्त्र शिकवतो. आमचं महाविद्यालय इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यातलं, पुण्याच्या विद्यापीठाला संलग्न. नाव सांगण्याची गरज नाही, असली महाविद्यालयं सगळी सारखीच असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची लघु संशोधन प्रकल्पाची योजना तेव्हा चालू होती. गणेशखिंडीतल्या विभागीय कार्यालयातून मंजुरीचं पत्र आलं की कॉलेजात पेढे वाटायचे. माझा विषय घरचाच होता. आमच्याकडं जमिनीचे दोन आजार आहेत, खारवट आणि चोपण. खारवट रानावर उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो, म्हणून ती लगेच ओळखता येते. चोपण फसवी. वरून काळीभोर, पण पाणी दिलं की चिखल नि वाळली की फरशी. नांगराचा फाळ वाजतो तिच्यात. पहिलीत क्षार जास्त, दुसरीत सोडियम. पहिलीला निचरा पाहिजे, दुसरीला निचऱ्याबरोबर जिप्सम. रान चोपण आणि उपाय खारवटीचा केला, तर पैसे जातात आणि रानही जातं.

आपण काही नवं शोधतोय असा माझा समज होता. ग्रंथालयात संदर्भ चाळताना कळलं, की हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर मुंबई सरकारच्या शेती खात्यासाठी स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली होती, १९१० मध्ये. मॅन हे पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य. नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी सुटलं १८८५ च्या सुमारास. म्हणजे पंचवीस वर्षांत इतकी जमीन बिघडली, की सरकारला रसायनशास्त्रज्ञ पाठवावा लागला. पाणी आलं, ऊस आला, उसामागून मीठ आलं. माझे पणजोबा त्या साहेबांना रानात उभे दिसले असतील का, आणि त्यांनीही ‘सही कशावर’ म्हणून विचारलं असेल का, असले रिकामे विचार मी त्या दुपारी बराच वेळ करत बसलो.

नमुने गोळा करणं सोपं निघालं. खर्च दाखवणं अवघड. निरवांगीहून निमसाखर, कळंब करत वालचंदनगरपर्यंत मी बाटल्यांची क्रेट वडापनं न्यायचो. वडापवाला पावती देत नाही. क्रेटचे दहा रुपये जास्त घेतो, एवढंच. हिशेब तपासायला आलेल्या पुण्याच्या तरुण लेखापालानं व्हाउचर उलटसुलट करून विचारलं, “सर, वडाप म्हणजे नेमकं काय? ही एजन्सी आहे का?” मी म्हटलं, जीपमध्ये माणसं मावेनाशी झाली की ती सुटते, त्या व्यवस्थेला वडाप म्हणतात. तो मनापासून हसला, आणि मनापासूनच त्यानं ती रक्कम अमान्य केली.

विद्युतवाहकता मोजायच्या मीटरसाठी तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीचा ठराव, जडवस्तू नोंदवहीत पानाचा क्रमांक, बिलावर ‘मिळाले, तपासले, नोंदले’चा शिक्का. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी. हे प्रमाणपत्र गेलं नाही तर दुसरा हप्ता येत नाही. माझं पहिलं परत आलं. चूक माझीच होती. बचत खात्यात पडून राहिलेल्या पैशावर १३७ रुपये व्याज जमा झालं होतं, ते मी दाखवलंच नव्हतं. व्याज माझं नव्हे, देणाऱ्याचं. मग १३७ रुपयांचा डीडी काढला, त्याचं कमिशन भरलं, तो पोचवायला पुण्याला गेलो आलो आणि एसटीच्या भाड्यात त्याच्या दुप्पट घातले. घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, तुम्ही तिथंच देवळात टाकले असते तरी चाललं असतं. नसतं चाललं. आता हेच व्याज ‘भारतकोश’वर घरबसल्या भरता येतं, आणि ते नीट भरलं की मला अजूनही थोडा आनंद होतो.

प्रकल्प संपला. अहवाल गेला. आणि ज्याची यूसी दुसऱ्या खेपेला तरी बिनबोभाट मंजूर झाली असा कॉलेजात मी एकटाच निघालो. एवढ्या एका गुणावर २०१८ साली मी ‘संशोधन समन्वयक’ झालो. पदाला भत्ता नाही, खोली नाही. एक कपाट आहे आणि त्याची किल्ली ऑफिसात असते.

काम म्हणायचं तर निरोप्याचं. विद्यापीठात कार्यशाळा आहे, माळेगाव खुर्दच्या अजैविक ताण संस्थेत प्रशिक्षण आहे, अमक्या योजनेची मुदत तमक्या तारखेला संपते, नवा नियम आलाय, जुना रद्द झालाय. हे सगळं चाळीसेक प्राध्यापकांपर्यंत पोचवायचं. मी सुरुवातीला सगळे करतात तेच केलं. नोटीस टाइप केली, मूळ परिपत्रक जोडलं, आणि नोटीसबुक शिपाईमामांच्या हातात दिलं. मामा तासांच्या मधल्या पाच मिनिटांत वर्गावर्गांतून फिरले आणि अर्ध्या तासात छत्तीस सह्या घेऊन आले. छत्तीस! मी खूश. आठवड्यानं मुदत संपली तेव्हा अर्ज आला होता एक, तोही माझा.

तेव्हा मला तात्यांची विहीर आठवली. सातवी शिकलेला माणूस न वाचता एका ओळीखाली सही करत नाही. आणि आम्ही छत्तीस पदव्युत्तर माणसं, त्यातले निम्मे पीएच.डी., चालता चालता, मामांच्या पाठीवर वही ठेवून, काय लिहिलंय ते न बघता सही ठोकतो. ठोकायचं कारण साधं आहे. ती सही ‘वाचलं’ असं सांगत नाही, ‘मला विचारू नका’ असं सांगते. मीही त्यांतलाच होतो. समन्वयक होण्याआधीच्या नोटीसबुकांत माझ्या कितीतरी सह्या आहेत, त्यांतली एकही नोटीस मला आठवत नाही.

मग मी नोटीसबुक बंद केलं असं नाही. ते बंद करता येत नाही, नॅकच्या मूल्यांकनात दाखवावं लागतं. पण सकाळी मस्टरवर सही करायला सगळे एका टेबलाशी येतात, तिथं मी उभा राहायला लागलो. परिपत्रक चौदा पानी असलं तरी हातात तीनच ओळी : कुणासाठी आहे, किती पैसे आहेत, कधीपर्यंत. त्या ओळी मराठीत लिहायला मात्र ते चौदा पानी दोनदा वाचावं लागे. पुष्कळदा दुसऱ्या वाचनात कळायचं, की योजना आमच्यासाठी नाहीच. हे आधी कळलेलं बरं. शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत बसायचं ठरलं, ज्याला अर्ज भरायचाय त्यानं यावं, शेजारी बसून भरू. पहिल्या शनिवारी वडापाव मागवले म्हणून नऊ जण आले. नंतर तीन-चार येत, पण ते वडापावशिवाय.

पैशाचं म्हणाल, तर आमच्यासारख्यांचा आधार असलेली लघु प्रकल्प योजना थांबली, आणि विद्यापीठाच्या छोट्या अनुदानांवर भिस्त आली. दिल्लीत २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा झाला, पुढच्या फेब्रुवारीत तो लागू झाला, जुनं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झालं. पाच वर्षांत ५०,००० कोटी, त्यातला मोठा वाटा उद्योगांकडून येईल, असं ते गणित. मी ते आकडे मस्टरच्या टेबलाशी वाचून दाखवले. भूगोलाचे सर म्हणाले, “आपल्याला पंधरा हजार पाहिजेत, विंधनविहिरींची पातळी मोजायला. त्याचा कॉलम आहे का?” कॉलम नव्हता. लहान प्रश्नाला लहान पैसा मिळण्याची सोय आपल्याकडं हळूहळू कमी होत चाललीय. मोठा अर्ज करायचा तर मोठा प्रश्न लागतो, मग माणसं आपला खरा प्रश्न फुगवतात. पंधरा हजारांचं काम पंधरा लाखांच्या भाषेत लिहिलेलं मी पाहिलंय; खरं तर लिहायला मदतही केलीय.

मुदती तर अशा पडतात की विचारू नका. एका वर्षी जूनअखेरची मुदत आणि तुकोबांची पालखी एकाच आठवड्यात आली. बेलवाडीला रिंगण, रस्ता बंद, फोनला रेंज नाही कारण लाखभर माणसांचे फोन एका टॉवरवर. आमच्या वाणिज्य विभागाच्या सरांनी एका वारकरी दिंडीच्या ट्रकमधल्या जनरेटरवर लॅपटॉप लावून अर्ज पाठवला. तो मंजूर झाला नाही, पण पोचला.

‘आविष्कार’चे दिवस मात्र मला आवडतात. राज्यभरातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा २००६ पासून चालते; आधी कॉलेज, मग विभाग, मग विद्यापीठ, मग राज्य. पोरं पोस्टर गुंडाळून एसटीत चढतात. आमच्या एका मुलीनं उसाच्या पाचटावर अळिंबी वाढवून दाखवली होती. परीक्षकांनी खर्च विचारला तेव्हा तिनं आईच्या बचत गटाची वहीच काढून ठेवली. जडवस्तू नोंदवही नव्हे. पैसा कुठून आला आणि कुठं गेला, सगळं पहिल्याच पानावर.

नियमांच्या नोटिशींबद्दल मी तेवढ्या प्रेमानं बोलू शकत नाही, पण त्या उगाच आल्या असंही म्हणवत नाही. २०१० मध्ये बढतीसाठी गुणांची पद्धत आली आणि छापील शोधनिबंधाला भाव आला. पाठोपाठ ‘आठ दिवसांत छापून देऊ’ म्हणणारी नियतकालिकं उगवली, पावसानंतर गाजरगवत उगवावं तशी. मीही एकदा पैसे भरले. निबंध आठ दिवसांत नाही, पाचच दिवसांत छापून आला. त्यात माझं नाव बरोबर होतं आणि नीरा नदीचं स्पेलिंग चूक. तो निबंध मी माझ्या यादीतून काढून टाकलाय, पण ज्या बढतीत तो मोजला गेला ती बढती काही परत केलेली नाही. पुढं संशोधक भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्याच मान्य यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला, तेव्हा त्यातली ८८ टक्के निकषांत बसली नाहीत. त्यातून ‘केअर’ यादी आली. सहा-सात वर्षं आम्ही सगळ्यांना ‘यादीत आहे का बघा’ एवढंच सांगत होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीच बंद झाली, आता निकष बघून स्वतः ठरवा म्हणाले. मस्टरच्या टेबलाशी मी हे सांगितलं तेव्हा बराच वेळ कुणी काही बोललं नाही. यादी होती तेव्हा आम्ही तिला शिव्या देत होतो.

वाङ्‌मयचौर्याचे नियम २०१८ चे. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढं पायऱ्या आहेत. एका मराठीच्या प्रबंधाचं साम्य शून्य टक्के आलं आणि मार्गदर्शकांनी अभिनंदन केलं. मला शंका आली. प्रबंध श्री-लिपीतल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला होता. यंत्राला तिथं मराठी नव्हे, इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसत होता. कचरा कशाशीच जुळत नाही. युनिकोडमध्ये फिरवून तपासला तेव्हा आकडा आला, आणि तो अभिनंदनाचा नव्हता.

पण ज्यासाठी हे लिहायला बसलो ते वेगळंच आहे.

आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमना ऊसतोड बायकांच्या रक्तातल्या लोहाचा अभ्यास करायचा होता. दसरा-दिवाळीनंतर बीडकडून टोळ्या येतात, आमच्या शिवारात कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादमाकडून उचल त्या कोयत्यावर घेतलेली असते, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ती फेडायची असते. माणसाचं रक्त घ्यायचं म्हणजे नैतिकता समितीची परवानगी, आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं, आणि प्रत्येकीची लेखी संमती. हे नियम मला पूर्ण मान्य आहेत. संमतीपत्र मात्र चार पानी होतं, इंग्रजीवरून मराठीत आणलेलं. ‘सदर संशोधनातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून’ असं ते सुरू व्हायचं.

पहिल्या संध्याकाळी मी मॅडमबरोबर गेलो. टायरगाड्या कारखान्याला गेल्या होत्या, बायका चुलीपुढं. मॅडमनी वाचून दाखवलं. एक चाळिशीची बाई भाकरी थापता थापता म्हणाली, “अंगठा कव्हाच दिलाय की आम्ही, मुकादमाला. आता परत कशाला?”

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. माझ्याकडंही काही उत्तर नव्हतं. त्या बाईच्या लेखी अंगठा म्हणजे उचल. आम्ही ‘ऐच्छिक’ म्हणत होतो, तिला ऐकू येत होतं कर्ज.

परत येऊन आम्ही कागद नव्यानं लिहिला. एक पान. ‘दंडातून अर्धा चमचा रक्त घेऊ. सुई टोचल्यावर थोडं दुखेल. नको असेल तर नको म्हणा, कुणी रागावणार नाही. मुकादमाला काही कळवणार नाही. हा पैशाचा कागद नाही.’ शेवटचं वाक्य घालायला आमच्यात तासभर वाद झाला. सुधारलेला कागद पुन्हा समितीकडं गेला, तिकडं पाच आठवडे लागले. ‘नको म्हणा’ ऐवजी ‘नकार देण्याचा अधिकार आहे’ करा असा शेरा आला, मॅडमनी नम्रपणे पण हट्टानं उत्तर दिलं आणि ‘नको म्हणा’ राहिलं. त्या पाच आठवड्यांत एक टोळी दुसऱ्या गावाला निघून गेली.

आणखी एक अट होती. जिला लिहितावाचता येत नाही तिच्या अंगठ्याला त्रयस्थ साक्षीदार पाहिजे. मुकादम आपणहून पुढं आला, “मी हाय की.” त्याला कसं सांगायचं? मॅडम म्हणाल्या, नियमानं गावातलाच माणूस लागतो. असा काही नियम नाही. पण तो क्षण त्या खोट्यानं निभावला. आणि गावातला, ज्याच्या शब्दाला कोपीवरच्या बायकाही मान देतील असा, ज्याच्या बांधावर त्या उतरल्या होत्या असा माणूस म्हणजे तात्या.

मी धसका घेतच विचारलं. तात्यांनी चष्मा मागवला. पान उजेडाला धरून पहिल्यापासून वाचलं, मग परत वाचलं. म्हणाले, “हे बरंय. पण रिपोर्ट त्यांना देणार, हे कुठंय?” नव्हतं. चार पानीत होतं कुठंतरी, एका पानात आणताना आमच्या हातून गळलं होतं. तात्यांनी पेन पुढं केलं, “मग लिही.” लिहिता येत नव्हतं, मंजूर कागदावर शब्द वाढवला की तो पुन्हा समितीकडं जातो, आणि जानेवारी संपत आलेला. मॅडमनी मग सगळ्यांसमोर तोंडी सांगितलं, रिपोर्ट मी स्वतः आणून देईन, ज्याचा त्याच्या हातात. तात्या म्हणाले, “मी साक्षीदार अंगठ्याचा नाही, याचा आहे,” आणि एक्केचाळीस कागदांवर एक्केचाळीस सह्या केल्या, प्रत्येक वेळी त्या बाईला विचारून, “कळलं ना गं?” दोघींनी नाही म्हटलं, त्यांचे कागद कोरे बाजूला ठेवले.

शेवटी उठताना त्या भाकरीवाल्या बाईनं विचारलंच, “रिपोट कव्हा भेटंल?”

बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेलं की पांडुरोग धरतात. रिपोर्ट आले तेव्हा ते बघताना मॅडम फार बोलल्या नाहीत. आठच्या खालच्या तिघी होत्या, त्यांना त्याच दिवशी आरोग्य केंद्रात नेलं. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून आम्ही कोपीवर गेलो, तर पट्टा चार दिवस आधीच पडला होता. बऱ्याचजणी सामान बांधत होत्या, त्यांना मिळाल्या. सहा जणी गेलेल्या. मुकादम म्हणाला, द्या माझ्याकडं, पोचवतो. मॅडमनी पाकिटं पर्समध्ये परत ठेवली.

यूसी वेळेत गेली, व्याजासकट. ती सहा पाकिटं माझ्या त्या कपाटात राहिली. पावसाळ्यात दोन पत्ते मिळाले, पण तिथं फोन करून सांगायचं तरी कुणाला, उचलणारा कोण, हे ठरेना. यंदा दसऱ्यानंतर चार दिवसांनी, मी मस्टरच्या टेबलाशी कसलीशी मुदत सांगत असताना तात्यांचा फोन आला.

“गाड्या आल्यात. तुझ्या त्या सहातल्या दोघी आहेत. पाकिटं घेऊन ये, मॅडमला पण सांग.” आणि जरा थांबून, “सही घ्यायचं काही आणू नकोस.”